एका ओळीची रोजनिशी

काशा,

तुझ्या दहाव्याला आम्ही ओढ्याच्या काठावर कावळ्याची वाट बघत उभे होतो. पिंड ठेवून झाला होता. कावळे समोरच्या सादड्याच्या झाडावर बसून होते, पण खाली उतरायला तयार नव्हते. मग आपल्याकडे करतात तसं एकेक जण पुढे होऊन तुला शब्द देऊ लागला. तुझा दिलीप म्हणाला, ‘बाबा, भाताची उरलेली लावणी मी पुरी करतो, तुमी काळजी नका करू.’ तेव्हा माझ्या मागे कुणीतरी हलकेच बोललं, ‘लावणीच्या आदी मरा बोलली होती ना सून? म्हाताऱ्यानं जरा उशीर केला.’ आणि दोघं-तिघं तोंड फिरवून हसले.

तुझी सून रंजना जवळच उभी होती. तिनं ते ऐकलं. मी तिच्याकडे बघत होतो म्हणून मला कळलं. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि पाण्याकडे बघत राहिली. तुझ्या घरी गेल्यावर दारातच जिचं बोलणं सुरू व्हायचं, ती बाई एक अक्षर बोलली नाही.

कावळा त्याच्या वेळेनं आला. त्यात मी काही अर्थ काढत नाही. पण मीही तुला एक शब्द दिला होता, मनातल्या मनात. ते वाक्य तुझ्या वैशाखऱ्याच्या घरातून धसईच्या बाजारापर्यंत कसं पोचलं, हे नीट ठाऊक असलेली दोनच माणसं होती. एक तू. दुसरा मी त्या काठावर उभा होतो आणि तेव्हाही गप्प होतो.

तुझ्याबद्दल लिहायचं म्हणजे कुठून सुरुवात करावी कळत नाही. जन्म, शाळा, नोकरी हे सगळं ज्येष्ठांच्या कट्ट्यावरच्या फळ्यावर लिहून झालंय. मला आठवते ती तुझी एसटीची गाडी. शहापूरच्या कचेरीत मी कारकून होतो, तेव्हा सोमवारी मुरबाडहून तुझ्या गाडीनं जायचो आणि शनिवारी तुझ्याच गाडीनं परत यायचो. तू तिकिटं फाडत मागून पुढे यायचास आणि माझ्यापाशी आलास की पंच माझ्या कानाशी वाजवायचास. ‘साहेब, उठा. किन्हवली गेली.’ मी झोपलेला नसायचो. डोळे मिटून लोकांचं बोलणं ऐकत असायचो. ऐकायचं कसं, हे मी तुझ्याकडूनच शिकलो असं म्हणायला आज मला आवडलं असतं. पण खरं सांगायचं तर मी फक्त डोळे मिटायचो. ऐकत होतास तू.

दोघं निवृत्त झालो. मी मुरबाडला कायमचा आलो आणि दर रविवारी ज्येष्ठांच्या कट्ट्यावर बसू लागलो. तिथं मी रोजनिशीचा वर्ग काढला. हसू नकोस. कचेरीत लागल्यापासून मी रोज रोजनिशी लिहीत आलोय, त्याचा मला गर्व होता, आणि निवृत्त माणसाला गर्व करण्यासारखं फार काही उरत नाही. मी नियम सांगितले. वर तारीख आणि वार. मग उठण्याची वेळ, हवा, प्रकृती, कोण आलं, कुठं गेलो, काय केलं, उद्या काय करायचं. मनातलं काही असेल तर शेवटी, थोडक्यात. ‘रोजनिशी म्हणजे पुरावा आहे,’ असं मी फळ्यावर लिहिलं होतं. मागच्या बाकावरून तू विचारलंस, ‘कंच्या गुन्ह्याचा रे वसंता?’

सगळा कट्टा हसला होता. मीही हसलो होतो.

भागीवहिनी जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. तुला घरात करमत नव्हतं म्हणून मीच तुला ओढून आणलं होतं. ‘लिहीत जा, बरं वाटेल,’ असं म्हणालो होतो. तू वही आणलीस, आणि पुढच्या रविवारी जे दाखवलंस ते बघून मी कपाळावर हात मारला. सकाळी घरातून निघालो, अमक्या वेळेला ओढा, अमक्या वेळेला दुकान, वाटेत चढले इतके, उतरले इतके. ‘काशा, हे तुझं कंडक्टरचं वेबिल आहे,’ मी म्हणालो. तूही बघून हसलास. ‘व्हय रे. हात तसाच चालतो. सही पन केलीय बघ खाली.’

मग तू माझ्यासारखं लिहून पाहिलंस. ‘हवा दमट’ असं लिहिलंस आणि रंजनानं ते बघितलं. ती काय म्हणाली ते तू कट्ट्यावर तिची नक्कल करून सांगितलंस, ‘मामंजी, घर दमट हाय ते वहीला काय सांगता, दिलीपला सांगा, कौलं शाकारंल.’ त्या दिवशी कट्ट्यावर रंजनाचं नाव पहिल्यांदा निघालं आणि सगळ्यांना ती आवडली. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय. ती सगळ्यांना आवडली होती.

मग मी सांगितलं, मनातलं लिही. तू आठवडाभर लिहिलंस आणि वही माझ्यापुढं टाकलीस. प्रत्येक पानावर एकच ओळ होती, ‘आज भागीची आठवण आली.’ म्हणालास, ‘हे खोटं वाटतं रे लिवाला. आली म्हणजे काय? आठवण काय पावणी हाय, आली नि गेली? ती घरातच बसलीय.’ नियमांत त्याला उत्तर नव्हतं. मी म्हणालो, ‘प्रयत्न सोडू नकोस.’ किती कोरडं बोललो ते आज कळतं.

आणि मग तुला तुझं सापडलं. तू ते मला देवळाच्या पायरीवर बसून सांगितलंस, कट्ट्यावर नाही, कारण तुला लाज वाटत होती. म्हणालास, ‘गाडीवर असताना दिवसभर लोकं बोलायची. डेपोत जाऊन हिशेब भरला का सगळं कानातनं जायाचं, पन कुनाचं तरी एक बोलनं राहायाचं. निसतं एक. मी तेवढंच लिवतो आता. कुनी बोललं, काय बोललं. मंग मना तो दिस दिसतो.’ आणि दोन ओळी तू मला म्हणून दाखवल्यास. त्या तू स्वतः सांगितल्यास म्हणून इथे लिहितो. एका म्हातारीची, धसईच्या स्टॉपवरची, ‘ल्योक न्यायला येतो बोललाय, म्हणून मी चपला घातल्यात.’ आणि एका भाजीवालीची, ‘भेंडी कवळीच हाय, जून मी झाले.’ तू म्हणालास, ‘ही दुसरी वाचली का मना त्या दिसाचा समदा बाजार दिसतो. पाऊस कुठं साचला होता तेबी.’

मी म्हणालो, ‘तुला दिसतो. वाचणाऱ्याला काय दिसणार? कोण बाई, कशावरून बोलली, काहीच नाही.’

‘वाचनारा कोन?’

‘उद्या कुणी वाचलं तर?’

‘कुनी कशाला वाचंल? माझी हाय ना?’

‘मग ती रोजनिशी नव्हे, काशा.’

‘नसंल. तू तुझी लिव, मी माझी लिवतो. पायरी उतर आता, मुंग्या हायत.’

हा आपला वाद. तो पुढे कितीतरी रविवार चालला आणि तसाच राहिला. वादानं मला त्रास झाला नसता. त्रास याचा झाला की वर्गातली माणसं तुझ्या बाजूला सरकू लागली. तू एखादी ओळ सांगायचास, लोक ‘अजून एक, अजून एक’ म्हणायचे. ज्यांच्याच्यानं माझ्या नियमांनी तीन ओळी होत नव्हत्या ती माणसं एकेक वाक्य लिहून आणू लागली. कुणी नातवाचं, कुणी डॉक्टरचं, कुणी स्वतःशीच बोललेलं. माझा फळा मागे पडला. हे मी तेव्हा कुणापाशी बोललो नाही, माझ्या रोजनिशीतही लिहिलं नाही. तिथं लिहिलंय, ‘वर्ग चांगला झाला.’

अशाच एका रविवारी तुझी पिशवी बाकावर ठेवून तू डेपोत पेन्शनच्या कामाला गेलास. ‘आलोच’ म्हणालास. वही पिशवीतून वर आली होती. मी ती काढली. लोकांना म्हणालो, ‘काशिनाथची पद्धत आपण जरा तपासून बघू.’ तपासून! मी तपासायला काढली नव्हती. या ओळींना शेंडा-बुडखा नाही, हे चारचौघांत सिद्ध करायला काढली होती. मला वाद जिंकायचा होता, एवढंच खरं आहे. आणि तुला न विचारता वाचल्याशिवाय तो जिंकता येणार नव्हता.

मी वाचू लागलो. लोक हसत होते, माझ्या बाजूनं नाही, तुझ्याच बाजूनं. म्हणून मी पानं उलटत गेलो, निरर्थक काही सापडेल म्हणून. आणि ती ओळ आली. वाचता वाचता थांबता आलं असतं. थांबलो नाही.

‘रंजना. मराचं असंल तं लावणीच्या आदी मरा. मंग आमाला टाइम नाय.’

कुणी हसलं नाही. मग मागून एक बाई म्हणाल्या, ‘अगो बाई, सासऱ्याला असं?’ आणि गोविंदराव म्हणाले, ‘बघा. बोलत नाय बिचारा, वहीत लिवतो.’ मी वर बघितलं तर तू दारात उभा होतास. हातात कागद होते. तू आत आलास, माझ्या हातातून वही घेतलीस, पिशवीत ठेवलीस, कागद त्यावर ठेवलेस आणि तुझ्या नेहमीच्या जागी बसलास. चहा आला, तू प्यायलास. स्टॉपपर्यंत मी तुझ्याबरोबर चालत आलो. तू एवढंच म्हणालास, ‘हसन्यातलं होतं रे ते.’

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, ‘मग मी काय वाईट वाचलं? लिहिलंस तूच.’

गोविंदराव वैशाखऱ्याच्याच गाडीनं जातात. त्यांनी ते गाडीत सांगितलं. तिखटमीठ लावून सांगितलं असंही नाही, वाक्य होतं तसंच सांगितलं, आणि ते तसंच पुरेसं होतं. पुढच्या बाजाराला रंजना धसईला काकड्या घेऊन बसली होती, तेव्हा ओळखीच्याच एकीनं तिला विचारलं, ‘काय गो, लावणीच्या आदी न्यायचा का तुझा सासरा? का टाइम काढशील?’ रंजना टोपली तशीच उचलून घरी गेली. तिच्या माहेरी कळलं, माहेरची माणसं येऊन बोलून गेली. दिलीपला कंपनीत कुणीतरी विचारलं.

हे सगळं मला गोविंदरावांकडूनच कळलं, आणि मी तुझ्या घरी आलो. खरोखर सांगायला आलो होतो, काशा. वाटेत वाक्यं जुळवत आलो होतो. तू अंगणात खाटेवर बसला होतास. रंजनानं चहा आणला, कप खाली ठेवले, पण आत गेली नाही. खांबाला धरून उभी राहिली आणि माझ्यासमोर तुला म्हणाली, ‘मामंजी, आता काका पन हायत. खरं सांगा. वही तुमीच दिली ना वाचाला?’

तू माझ्याकडे बघितलंस. रागानं नाही. गाडी सुटायच्या आधी कंडक्टर मागं वळून बघतो ना, कुणी धावत येतंय का म्हणून, तसं बघितलंस. थोडा थांबलास. मी कप उचलला. चहा गरम होता, मी फुंकर मारली.

‘हां,’ तू म्हणालास. ‘मीच दिली.’

ती आत गेली. त्यानंतर भांड्यांचा आवाज आला, बोलण्याचा नाही.

मग तू मला स्टॉपपर्यंत सोडायला आलास आणि वाटेत त्या ओळीमागचं सगळं सांगितलंस. भागीवहिनी गेल्यावर तू ताप येऊन पडला होतास. जेवत नव्हतास. ‘मी आता जातो, मना जाऊ द्या,’ एवढंच धरून बसला होतास. दिलीप रडकुंडीला आला होता, शेजारपाजारचे येऊन सुस्कारे टाकून जात होते. रंजना तुझ्या उशाशी बसून पेज भरवत होती, आणि तू पुन्हा ‘जातो’ म्हणालास तेव्हा तिनं चमचा वाटीत आपटला आणि ते वाक्य बोलली. वर म्हणाली, ‘भाताची बी कंची पेराची ते तुमीच बघणार बोलला होता. पेरणीच्या आदी राब टाकून शेत कोन भाजंल? मी?’ तू हसलास. हसता हसता पेज ठसकली, ती तुझी पाठ चोळत स्वतःही हसली, आणि मग तू वाटी संपवलीस. ‘भागी गेल्यावर मी पयल्यांदा हसलो रे,’ तू म्हणालास. ‘म्हणून ती ओळ मागनं आठवून लिवली. वहीतली सगळ्यात भारी ओळ हाय ती.’

मी विचारलं, ‘मग तू तिला का सांगितलं नाहीस, मी न विचारता वाचली म्हणून?’

तू म्हणालास, ‘तू सांगशील म्हणून थांबलो व्हतो.’

गाडी आली. मी चढलो.

त्यानंतर तू कट्ट्यावर आला नाहीस. मी फोन करायचो, तू भाताचं सांगायचास, गुडघ्याचं सांगायचास. वही लिहितोस का, असं मी विचारलं नाही. एकदा तूच म्हणालास, ‘घरात आता कोन बोलतच नाय रे.’ मी म्हणालो, ‘म्हातारपण आहे, सगळीकडे तसंच.’ माझं हे उत्तर तुला कसं लागलं असेल?

तू गेल्यावर मी माझ्या रोजनिश्या काढल्या. मला तो दिवस बघायचा होता, तुझ्या अंगणातला. माझ्या पद्धतीत काही सुटत नाही, असं मी जन्मभर सांगत आलो. पान सापडलं. उठण्याची वेळ आहे. हवा आहे. पुढे लिहिलंय, ‘वैशाखऱ्यास काशिनाथकडे जाऊन आलो. चहा झाला. परतीची गाडी उशिरा.’ बस. चहा झाला. त्या पानावर एकही गोष्ट खोटी नाही. कोर्टात नेलं तरी टिकेल. मी मागची पुढची पानं चाळली. वर्ग चांगला झाला. प्रकृती ठीक. भेटून बरं वाटलं. इतकी वर्षं मी स्वतःला न दिसण्याची व्यवस्था करत आलो आणि तिला पद्धत म्हणत आलो. तुझ्या एका ओळीत एक माणूस ताप झटकून उठून बसतो. माझ्या भरलेल्या पानात एक माणूस फुंकर मारून चहा पितो आणि तेही लिहीत नाही.

त्या पानाखाली मी आजची तारीख घालून उरलेलं लिहिलं. सगळ्या नियमांत माझा एक नियम असा होता की जुन्या पानाला हात लावायचा नाही.

तुझं क्रियाकर्म आटोपल्यावर मी वैशाखऱ्याला गेलो. दिलीप कामावर होता. रंजना ओटीवर विळी घेऊन अळूची पानं चिरत होती. मी बसलो आणि सांगून टाकलं. ‘वही काशानं दिली नव्हती. मी काढली, त्याच्या पाठीमागं. तू विचारलंस तेव्हा तो माझ्यासाठी थांबला होता आणि मी चहा पीत राहिलो.’

तिचा हात थांबला. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर ‘जाऊ द्या काका’ म्हणेल. म्हातारी माणसं माफी मागतात ती बहुतेक ‘जाऊ द्या’ ऐकण्यासाठीच. ती म्हणाली, ‘म्हंजे त्यांनी नव्हती दिली.’

‘नाही.’

‘नि मी त्यांच्याशी बोलनं टाकलं.’

मला कळलं नाही. ती म्हणाली, ‘भांडले नाय मी. जेवान दिलं, औषध दिलं, पाय चेपले. पन त्या दिसापासनं त्यांच्यापुढं मोजून बोलले. हो, नाय, जेवा, झोपा. मना वाटायचं, काय बोलंन ते लिवतील नि मुरबाडला नेऊन वाचतील. ते इचारायचे, रंजे, आज काय बाजारात? मी बोलायची, काय नाय. ते बसून राहायचे माझ्या तोंडाकडं बघत.’

ती उठून आत गेली. बराच वेळ आली नाही. मी चिरलेल्या अळूकडे बघत बसलो. ‘घरात कोन बोलतच नाय’ हे तू मला सांगितलं होतंस, आणि मी तुला म्हातारपणाचं कारण दिलं होतं. तुझी वही कशावर चालायची, हे मला ठाऊक होतं. बाजार सुटला होता, गाडी सुटली होती, वहिनी गेल्या होत्या. तुझ्या कानाला घरातली ही एकच बाई उरली होती, आणि तिचं तोंड मी बंद केलं. ओळ वाचणं एक वेळ मूर्खपणा म्हणता येईल. पण तो एक कप चहा मला आयुष्यातून काढता येणार नाही.

ती बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. म्हणाली, ‘मना कशाला सांगता? मी जानते मी काय बोलले नि कशी बोलले. जिथं वाचलं तिथं सांगा. समद्यांच्या म्होरं.’

रविवारी कट्ट्यावर तुझी शोकसभा होती. तुझा फोटो लावला होता. बोलायला सगळ्यात शेवटी माझं नाव होतं. लोकांना वाटलं मी आपल्या मैत्रीचं बोलेन. मी उभा राहिलो आणि आधी ती ओळ बोलली गेली तेव्हाची पेज, ताप आणि हसणं सांगितलं, मग पिशवीतली वही सांगितली, मग अंगणातला चहा. मला वाटलं होतं बोलून झाल्यावर हलकं वाटेल. वाटलं नाही. गोविंदराव उठून म्हणाले, ‘वसंतराव, म्हणजे खोटे आम्ही ठरलो का? वाक्य तर तिचंच होतं ना?’

मी म्हणालो, ‘तिचंच होतं. पण ती तेव्हा काय करत होती, हे मी वाचलं नाही आणि तुम्ही विचारलं नाही.’

ते बसले. रागावलेच होते, अजून आहेत. चहाच्या वेळी माझ्या बाकावर कुणी बसलं नाही. ते बरोबरच आहे. मात्र ‘अगो बाई’ म्हणालेल्या त्या बाई जाताना माझ्यापाशी थांबल्या. म्हणाल्या, ‘मी पण चार ठिकाणी सांगितलं होतं. आता चार ठिकाणी परत सांगायला लागेल.’ कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, पण म्हणाल्या. कुणीतरी सुचवलं की तुझ्या स्मरणिकेत तुझ्या वहीतल्या निवडक ओळी छापाव्यात. मी म्हणालो, ती वही त्याची होती, आता त्याच्या घरची आहे, आणि ती मागायला मी जाणार नाही. त्याऐवजी हा लेख देईन.

तरी रंजनाला सांगायला गेलोच. ती शेतात होती, बेणणी चालू होती. मी बांधावर उभा राहून सांगितलं, झालं म्हणून. तिनं मान वर केली नाही, गवत उपटत राहिली.

‘समदे होते?’

‘होते.’

‘गोविंदराव?’

‘तेही.’

‘काय बोलले?’

‘रागावले.’

‘बरं झालं,’ ती म्हणाली आणि पुढच्या ओळीत सरकली. तुझं भात चांगलं धरलंय, काशा. दिलीपनं शब्द पाळलाय. कोपऱ्यात एक वाफा उशिरा लावलेला आहे तो अजून पोपटी दिसतो.

मग मी परत वळलो, आणि बांध निसरडा होता, माझा पाय घसरला. पडलो नाही, पण हात टेकले. मागून आवाज आला, मोठ्यानं, त्या शिवाराला ऐकू जाईल असा, तू सांगायचास तसा.

‘ओ काका, जपून! तुमी पडाल नि लोकं बोलतील, सुनेनं ढकलला. एक म्हातारा माझ्या नावावर हाय, दुसरा नको.’

शेजारच्या वाफ्यातल्या बाया हसल्या. ती स्वतः हसली की नाही मला दिसलं नाही, ती वाकलेली होती. मी हात धुऊन तसाच मागे गेलो आणि तिला विचारलं, ‘रंजना, काशावर लिहितोय. हे तू आता बोललीस ते त्यात लिहू का? आणि ते आधीचं?’ तिनं कंबर सरळ केली, मूठभर गवत बांधावर फेकलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

‘लिवा,’ ती म्हणाली. ‘पन म्होरचं-मागचं समदं लिवा. निसतं माझं त्वांड नका दाखवू लोकांना.’